सतरा खुर्च्या: निलंबित सहवैमानिकाचे मिनिकॉय बेटावरील तीन आठवडे

या प्रकरणातील तरुणाला त्याचे मामा माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा तो बेटावरून परतून चारच दिवस झाले होते. नोकरीत अडखळलेल्या तरुणांशी बोलण्याचे काम मी सोलापुरात काही वर्षे करीत आहे. मात्र एखाद्या प्रकरणाची टिपणे काढताना मला स्वतःलाच मध्येमध्ये हसू आवरावे लागले, असे याआधी झाले नव्हते. संबंधितांच्या संमतीने हे टिपण लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले असून कोणाचेही नाव दिलेले नाही. बेटावरील घटना प्रथम त्या तरुणाने सांगितल्या आणि नंतर त्याच्या तिथल्या यजमानांनी फोनवर दुरुस्त केल्या. दोघांच्या सांगण्यात जेथे फरक पडला, तेथे बहुतेक वेळा यजमानांचे खरे निघाले.

पार्श्वभूमी

तरुणाचे वय 29. घर शहराच्या पूर्व भागात आणि वडिलांचा टॉवेलचा छोटा कारखाना. वैमानिक प्रशिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्या कारखान्याची जागा तारण ठेवावी लागली होती, आणि ही गोष्ट गल्लीत सर्वांना माहीत होती. प्रशिक्षण पूर्ण करून तो एका विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून लागला, तेव्हा चौकात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला आणि पाऊस येऊन रंग उडेपर्यंत तो कोणी उतरवला नाही.

सोलापुरात विमान हा विषय किती जिव्हाळ्याचा आहे, हे बाहेरच्यांना सांगावे लागेल. होटगी रस्त्यावरील विमानतळ असूनही नसल्यासारखा होता. विमानांच्या मार्गात येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद वर्षानुवर्षे चालला, 15 जून 2023 रोजी ती चिमणी पाडली गेली आणि अखेर जून 2025 मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. या काळात जो तो या तरुणाला एकच प्रश्न विचारत होता, “आपल्या सोलापूरला तू कधी विमान आणणार?” वास्तविक त्याची कंपनी सोलापूरला विमान पाठवतच नव्हती. पण हे समजावून सांगण्यापेक्षा “बघू, लवकरच” असे म्हणणे त्याला सोपे वाटले. पुढे जे घडले त्याची सवय मला वाटते येथूनच लागली.

मूळ अडचण

त्या हिवाळ्यात मुंबईत मित्राच्या घरची पार्टी रात्री साडेअकराला संपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाबारा वाजता त्याला कामावर हजर व्हायचे होते. उड्डाणाआधी बारा तास मद्य घ्यायचे नाही, हा नियम त्याला पाठ होता. त्याने बोटांवर तास मोजले, ते पावणेतेरा भरले आणि तो निर्धास्त झोपला. परंतु नियमाचा दुसरा अर्धा भाग असा आहे की श्वासचाचणीत आकडा शून्यच यावा लागतो. शरीर तासागणिक ठराविकच मद्य जिरवते, त्यामुळे किती घेतले हे न मोजता केवळ तास मोजले की असा घात होतो. यंत्रावर शून्य आले नाही. थोड्या वेळाने घेतलेल्या दुसऱ्या चाचणीतही आले नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे पहिल्या चुकीला परवाना तीन महिने निलंबित होतो, दुसऱ्या चुकीला तीन वर्षे, आणि तिसऱ्या चुकीला तो रद्दच होतो. त्याला तीन महिने मिळाले. सुरुवातीला त्याने माउथवॉशचे कारण पुढे केले होते. माझ्यासमोर त्याने ते स्वतःहून मागे घेतले.

घरी फक्त आईला सांगितले गेले, आणि तेही वैमानिकांच्या बोलीत, म्हणजे “बी. ए. मध्ये अडकलो” असे. बी. ए. म्हणजे ब्रेथ अ‍ॅनालायझर. शेजारच्या खोलीतून हे ऐकणाऱ्या आत्याबाईंनी संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळवले की पोरगा बी. ए. नापास झाला. पुढचे दोन दिवस फोन येत राहिले, “अरे, तू बारावीनंतर थेट पायलटला गेलास ना, मग बी. ए. कधी केलंस? आणि नापास झालास तर ऑक्टोबरला बस की!” घरातल्या सर्वांना हा गैरसमज सोयीचा वाटला आणि तो कोणी दूर केला नाही.

समोर असलेले पर्याय

त्याच्यापुढे तीन मार्ग होते. सोलापुरात राहून वडिलांना आणि निकटच्या चार माणसांना खरे सांगायचे, हा पहिला. मुंबईतल्या खोलीवर राहून अभ्यास करायचा आणि तीन महिने काढायचे, हा दुसरा. तिसरा मार्ग एका जुन्या ओळखीतून आला. मुंबईत खाणावळीत त्याच्यासोबत जेवणारा एक खलाशी लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटाचा होता आणि सध्या रजेवर घरी होता. “कधी तरी ये” हे त्याचे जुनेच आमंत्रण होते. लक्षद्वीपमध्ये जाण्यासाठी बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो. स्थानिक माणूस म्हणून यजमानाने हमी दिली आणि परवाना मिळाला.

पर्याय तोलताना त्याने कागदावर दोन रकाने पाडले होते, तो कागद मी पाहिला आहे. खर्च, प्रवास, अभ्यास अशा ओळी त्यात होत्या. शेवटची ओळ मात्र दोनदा अधोरेखित केलेली होती, “तिथे कोणी ओळखत नाही.” निर्णय त्या ओळीनेच झाला, बाकीचा कागद शोभेचा. लक्षद्वीपमध्ये दारूबंदी असल्याने मोहही होणार नाही, ही जोड आईला पटवण्यापुरती होती. वडिलांना “कंपनीचं ट्रेनिंग आहे” असे सांगण्यात आले आणि यजमानाला “वार्षिक रजा”. अशा प्रकारे निघण्यापूर्वीच त्याच्या गैरहजेरीची तीन वेगवेगळी कारणे तीन ठिकाणी नांदत होती, आणि आत्याबाईंचे बी. ए. धरले तर चार.

सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर आली असताना, म्हणजे सगळे नातेवाईक घरी येण्याच्या दिवसांत, तो पुणे–कन्याकुमारी गाडीने एर्नाकुलमला निघाला. भेटीदाखल चार सोलापुरी चादरी, दोन किलो शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा त्याच्यासोबत होता. बॅगेच्या तळाशी गणवेशाचा शर्टही होता. तो का घेतला, याचे उत्तर त्याला आजही देता येत नाही.

बेटावर काय घडले

मिनिकॉय कोचीपासून समुद्रमार्गे सुमारे 400 किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ साधारण साडेचार चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती 2011 च्या जनगणनेप्रमाणे दहा हजारांहून थोडी अधिक. तिथे विमानतळ नाही. हेच त्याला सुरक्षित वाटले होते, आणि हेच सर्वांत आधी अंगाशी आले. यजमानाने घरच्यांना “हा विमान चालवतो” एवढेच सांगितले होते. त्यावर मुलांनी त्याला कॅप्टन म्हणायला सुरुवात केली आणि त्याने ती चूक दुरुस्त केली नाही. सहवैमानिक आणि कॅप्टन यांतला फरक मुलांना कशाला सांगायचा, असे त्याने मला विचारले. मुलांना कळला नसता हे खरे. पण मिनिकॉयमधील पुरुषांचा पिढीजात व्यवसाय व्यापारी जहाजांवरील नोकरी हा आहे. ज्यांना तो आडबेटावरचे भाबडे लोक समजत होता, त्यांच्यापैकी कित्येकांनी जगातली अर्धी बंदरे पाहिली होती, आणि हा स्वतः देशांतर्गत मार्गांच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याने शर्ट धुऊन दोरीवर टाकला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी खांद्यावरचे पट्टे मोजले. ते तीन होते. कॅप्टनला चार असतात, जहाजावरही आणि विमानातही. कोणी काही बोलले नाही.

पहिला फजितीचा प्रसंग जहाजाचा. कोचीचे जहाज कधी लागणार याची चर्चा चालू असताना त्याने मोबाइलवर ढगांची चित्रे पाहिली, वाऱ्याचा वेग वाचला आणि अधिकारवाणीने सांगितले की दोन दिवस तरी जहाज येत नाही. त्याचे बोलणे संपायच्या आत भोंगा ऐकू आला. दुसरा प्रसंग समुद्रातला. मिनिकॉयचे मच्छीमार कुप्पा म्हणजे ट्यूना मासा गळकाठीने पकडतात. खाजणातून धरलेले लहान जिवंत मासे पाण्यात उधळून थवा जवळ आणतात आणि होडीच्या टोकाला उभे राहून एकामागून एक मासा डोक्यावरून मागे फेकतात. गळाला उलटा काटा नसतो, म्हणून मासा हिसक्यासरशी आपोआप सुटून होडीत पडतो. “होडीच्या मध्यभागी उभे राहू नका” हे त्याला दोनदा सांगितले होते. परंतु तिथून फोटो चांगला येत होता. पहिला मासा पाठीत बसला आणि दुसऱ्याने त्याचा काळा पायलट चष्मा नाकावरून उचलून समुद्रात नेला.

तिसऱ्या प्रसंगावर मात्र थांबले पाहिजे, कारण संपूर्ण प्रकरणाची किल्ली त्यात आहे. मिनिकॉयची महल भाषा मालदीवच्या धिवेहीचेच रूप आहे. ती आपल्या मराठीसारखी मूळच्या आर्य भाषांच्या कुळातली असल्याने काही शब्द ओळखीचे वाटतात. माशाला तिथे मस म्हणतात, तीन हा आकडा जवळपास तीनच ऐकू येतो. यामुळे आपल्याला भाषा येऊ लागली, असा त्याचा चार दिवसांतच समज झाला. गावच्या प्रमुखाला तिथे बोडुकाका म्हणतात. बोडु म्हणजे थोरला. या बोडुकाकांकडे शेजारच्या गावची काही मंडळी बोलणी करायला येणार होती. आपलाही हातभार लागावा म्हणून याने खुर्च्या मांडण्याचे काम मागून घेतले आणि किती माणसे येणार असे विचारले. उत्तर आले ते त्याला ‘हतरे’ असे ऐकू आले. त्याने ते सतरा धरले. त्या भाषेत त्याचा अर्थ चार होतो.

तासभर घाम गाळून, तीन घरांतून मागून आणून त्याने बरोबर सतरा खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या, आणि चार पाहुणे आले. पाहुण्यांनी खुर्च्यांकडे पाहिले, बोडुकाकांनी याच्याकडे पाहिले. त्यांच्या लक्षात सगळे आले असावे, कारण त्यांनी हळूच एका मुलाला काही सांगून बाहेर पिटाळले. पुढच्या दहा मिनिटांत एक एक माणूस येऊ लागला. एक जण अंगाला भुसा लागलेल्या अवस्थेत आला, एक जेवण अर्धवट टाकून, आणि एका आजोबांना दोघांनी हात धरून आणले. सतरावी खुर्ची भरली तेव्हाच बोलणी सुरू झाली. याला वाटले, आपली व्यवस्था चोख होती. खरा प्रकार यजमानाच्या आईने दुसऱ्या दिवशी सांगितला. कुणाच्या पाहुण्याने मांडलेली खुर्ची रिकामी राहिली तर त्या पाहुण्याला वाईट वाटेल, म्हणून तेरा माणसे गोळा केली होती.

हा प्रसंग सांगताना तो हसला नाही. “मी तिथं तीन खोटं बोलून गेलो होतो,” तो म्हणाला, “आणि ती माणसं माझी अब्रू झाकायला जेवणावरून उठून आली.”

चौथा प्रसंग मीरेचा. नारळाच्या पोयीतून म्हणजे फुलोऱ्यातून काढलेल्या ताज्या गोड रसाला लक्षद्वीपमध्ये मीरा म्हणतात. आपल्याकडे शिंदीची नीरा असते तसाच प्रकार, आणि सोलापूरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको की ऊन चढले की नीरा नीरा राहत नाही. तो रोज सकाळी ती पीत असे. एके दिवशी त्याने संध्याकाळसाठी एक बाटली खिडकीत ठेवली, म्हणजे थेट उन्हात. संध्याकाळी दोन घोट घेताच जिभेला फेस आणि आंबूस चव लागली. दारूबंदीचा प्रदेश, निलंबित परवाना आणि हातात आंबलेली बाटली! त्याची पाचावर धारण बसली. अंधार पडताच त्याने किनाऱ्यावर खड्डा करून ती बाटली पुरली. सकाळी दहा वर्षांचा एक मुलगा ती धुऊन पुसून घेऊन आला आणि चहाला बसलेल्या सात-आठ जणांसमोर अदबीने म्हणाला की कॅप्टनची बाटली वाळूत हरवली होती.

बाटली हातोहात फिरली. प्रत्येकाने वास घेतला. यजमानाच्या आईने बूच घट्ट लावले आणि ती शिरका करायला फडताळात ठेवून दिली, कारण आंबलेली मीरा तिथे वाया घालवत नाहीत. कोणी हसलेदेखील नाही, आणि तेच त्याला सहन होईना. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका निवृत्त खलाशाने हिंदीत विचारले, “कितने महीने का?” मुक्काम किती महिन्यांचा असे विचारत असतील, असे समजून याने मुक्काम तीन आठवड्यांचा आहे असे सांगितले. म्हाताऱ्याने मान हलवली आणि तोंडापुढे मूठ धरून फुंकर मारून दाखवली. जहाजावरही आम्हाला असे फुंकायला लावतात, असे तो म्हणाला. महिना जानेवारी, तरुण पायलट, घरच्यांचे फोन आले की उठून बाहेर जातो, दोरीवर तीन पट्ट्यांचा शर्ट. त्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखले होते.

त्या सकाळी त्याने सगळे सांगितले. सांगायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

निर्णयाची वळणे

या प्रकरणात मला चार जागा दिसतात जेथे वाट बदलता आली असती. पहिली जागा त्या रात्रीची. दुसऱ्या दिवशी काम असताना तास मोजण्याऐवजी पेलाच हाती न घेणे, किंवा घेतलाच तर सकाळी कंपनीला कळवून कामावरून माघार घेणे, हे दोन्ही शक्य होते. माघार घेतली असती तर ओशाळवाणे वाटले असते, पण परवाना राहिला असता. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

दुसरी जागा आत्याबाईंच्या फोनची. हा प्रसंग घरात विनोद म्हणून सांगितला जातो, पण माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा होता. गैरसमज आपण निर्माण केला नाही म्हणून तो दूर करण्याची जबाबदारी आपली नाही, असे कुटुंबाने धरले, आणि बेटावर ‘कॅप्टन’ ही हाक आली तेव्हा त्याने नेमके हेच केले. तो स्वतः सरळ खोटे फार थोडे बोलला आहे, बहुतेक वेळा त्याने समोरच्याचे चुकीचे वाक्य तसेच राहू दिले. अशा माणसाला “खोटे बोलू नकोस” असा सल्ला देऊन काही उपयोग होत नाही, कारण आपण खोटे बोललो असे त्याला वाटतच नसते.

तिसरी जागा बेट निवडण्याची. ओळखीच्या माणसांपासून दूर जाणे स्वतःत गैर नाही. चुकला तो अंदाज. दूरचे ते अडाणी आणि लहान जागेत कोणाचे कोणाकडे लक्ष नसते, ही दोन्ही गृहीतके उलटी ठरली. पूर्व भागातल्या गल्लीत तो कदाचित महिनाभर लपला असता. साडेचार चौरस किलोमीटरच्या बेटावर आठवडाही निघाला नाही. येथे माझीही एक कबुली नोंदवतो. मामांनी पहिल्यांदा हकिगत सांगितली तेव्हा बेटावरच्या ‘साध्याभोळ्या’ लोकांच्या गमती ऐकायला मिळतील, अशी माझीही अपेक्षा होती. साधाभोळा माणूस या हकिगतीत एकच आहे, आणि तो सोलापूरचा आहे.

चौथी जागा बाटली पुरण्याची. त्याने दोन घोट घेऊन “ही आंबली वाटते” असे यजमानाच्या आईला सांगितले असते तर तीच बाटली त्याच संध्याकाळी त्याच फडताळात गेली असती.

वेगळे काय करता आले असते

वडिलांना आधी सांगायला हवे होते, असे मी त्याला म्हणालो तेव्हा त्याने तारण ठेवलेल्या जागेचा उल्लेख केला. ज्यांनी कारखाना पणाला लावला त्यांना हे कसे सांगणार, हा त्याचा प्रश्न खोटा नाही. मी मामांना मध्यस्थ करण्याचा मार्ग सुचवला असता, कारण आपल्याकडे अशी अवघड बातमी वडिलांच्या कानावर घालायला मामा हाच राजमार्ग असतो. दुसरे असे की निलंबनाच्या काळातील कामाचा आराखडा पहिल्या आठवड्यातच करायला हवा होता. नव्वद दिवसांत ठरावीक उड्डाणे आणि उतरणी झाल्या नाहीत तर परवाना परत मिळूनही लगेच प्रवासी विमान चालवता येत नाही, सिम्युलेटरवर पुन्हा हात बसवावा लागतो. हे त्याला माहीत होते, तरी बेटावरच्या तीन आठवड्यांत त्याने पुस्तक उघडले नाही. मद्याच्या सवयीबाबतही वेळेवर वैद्यकीय सल्ला घ्यायला हवा होता. त्याच्या परतण्यानंतर आम्ही तो घ्यायला लावला.

त्याउलट बेटावर जाणेच टाळायला हवे होते का, याबद्दल माझे मत पक्के नाही. मामा म्हणतात, हो. तो म्हणतो, सोलापुरात त्याने तोंड उघडलेच नसते. मला दोघांचेही पटते.

सध्याची स्थिती

परतल्यावर मामांच्या उपस्थितीत त्याने वडिलांना सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी एवढेच विचारले, “दुसऱ्यांदा झालं तर किती?” तीन वर्षे, असे उत्तर मिळाल्यावर ते उठून कारखान्यात गेले. आठवडाभर बोलणे बंद होते. मुदत संपल्यावर परवाना परत मिळाला आणि सिम्युलेटरची पुनर्तपासणी पार करून तो कामावर रुजू झाला. सहवैमानिक म्हणूनच, आणि कोणी कॅप्टन म्हटले की तो थांबवून दुरुस्ती करतो, हे मामांनी काहीशा वैतागाने सांगितले. आत्याबाई अजूनही बी. ए. च्या निकालाची चौकशी करतात. त्यांना खरे सांगायची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली आहे, पण ती अद्याप पार पडलेली नाही.

चार चादरींपैकी एक बोडुकाकांकडे बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेली आहे, कारण तिथल्या दमट हवेत ती पांघरण्याचा प्रश्नच येत नाही. मार्चअखेर बेटावरून कोचीमार्गे एक पार्सल सोलापुरात आले. त्यात सुकवलेला ट्यूना होता आणि ती बाटली होती, आता पक्का शिरका झालेली. त्याच्या आईने पहिल्याच दिवशी तो कांद्याच्या कोशिंबिरीत घातला आणि बाटलीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली, “शिरका. औषध नाही, दारू नाही.”